पलटणीची चांदी आटवू नका

काही वर्षांपूर्वी रविवार पेठेतल्या एका पेढीवर निरांजनाची जोडी घ्यायला गेले होते. काट्याशेजारी मोडीचा ढीग पडला होता. त्यात तुटके पैंजण, चेपलेलं अत्तरदान, भोकं पडलेली फुलपात्रं होती आणि मधोमध कातरलेलं एक मोठं तबकही होतं. आत तांबं नाही ना हे बघायला आणि मुशीत मावावं म्हणून कारागिरानं त्याचे दोन तुकडे केले होते. एका तुकड्यावर इंग्रजी अक्षरांत पलटणीचा आकडा आणि ‘बॉम्बे इन्फन्ट्री’ असं कोरलेलं, दुसऱ्यावर ‘अधिकाऱ्यांकडून’ या अर्थाचे शब्द आणि १८८७ हे साल. कुणाला दिलं आणि कशासाठी दिलं, हे सांगणारी ओळ नेमकी कातरीखाली आली होती. मी दोन्ही तुकडे वजनावर घेतले. निरांजनं राहिली.

तेव्हापासून मी पलटणींची जुनी चांदी शोधत आले आहे. ब्रिटिश काळातल्या ऑफिसर्स मेसमधली तबकं, मेणबत्तीदानं, मिठाच्या नि मोहरीच्या वाट्या, रुमाल अडकवायच्या कड्या, पोलोचे पेले. हा छंद महागडा आहे आणि काहींना तो चमत्कारिक वाटतो. ‘गुलामीच्या खुणा घरात कशाला?’ असं मला तोंडावर विचारलं गेलं आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर माझ्यापुरतं देऊन भागत नाही, कारण यातली बरीचशी चांदी आजही आपल्याच लष्कराच्या मेसमध्ये आहे, काही परदेशी लिलावांत फिरते आहे आणि काही रोज कुठल्या ना कुठल्या गावी मुशीत जाते आहे. चांदीनं किलोला लाखाची पायरी ओलांडल्यापासून हे आटवणं वाढलं आहे. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेत चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेला होता, तेव्हा तिकडे आणि ब्रिटनमध्ये जुनी चहादाणी, तबकं, काटे-चमचे ढिगांनी वितळवले गेले. भाव पुढे उतरला, भांडी परत आली नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही चांदी म्हणजे दप्तर आहे. तिच्यातल्या धातूपेक्षा तिच्यावरचं कोरीव अक्षर मोलाचं आहे. ती आपल्याजवळ ठेवणारा, मग तो संग्राहक असो की पलटण, मालकापेक्षा राखणदार जास्त आहे.

पलटणीचं एकेक भांडं वाचायचं कसं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. मुंबई इलाख्याच्या पलटणींवर १८८५ पर्यंत ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री’ असं लिहिलेलं असे, त्या वर्षी ‘नेटिव्ह’ गळलं. १९०३ मध्ये सरसेनापती किचनरनं सगळ्या फौजेची नव्यानं क्रमवारी लावली आणि मुंबईच्या पायदळ पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी, सतरावीची ११७ वी. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना होऊन यांतल्या मराठा पलटणी ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ या एका छत्राखाली आल्या. म्हणजे एखाद्या साध्या मीठदाणीवर नुसता आकडा असला, तरी ती कुठल्या वीस-पंचवीस वर्षांतली आहे हे कळतं. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ती पाच तोळ्यांची मीठदाणी असते.

आकड्यामागे माणसं असतात. ११७ वी मराठाच घ्या. पहिल्या महायुद्धात ती सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेली. १०३ वी आणि ११० वी याही त्याच डिव्हिजनमध्ये होत्या. कुत-अल-अमारामध्ये १४७ दिवस वेढा पडला, दाणागोटा संपला आणि २९ एप्रिल १९१६ ला तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यातली हजारो वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत गेली. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कित्येक घरांत त्यानंतर पत्र आलं नाही. हीच ११७ वी पुढे ‘पाचवी रॉयल बटालियन’ झाली आणि १९२३ मध्ये ज्या आठ तुकड्यांत हळूहळू हिंदी अधिकारी नेमायचं ठरलं, त्यांत तिचा समावेश झाला.

हिंदी अधिकारी नेमायचं ठरेपर्यंत मेसच्या त्या टेबलावर हिंदी माणसाला सहसा जागा नव्हती, हे विसरून चालत नाही. तीस-तीस वर्षं नोकरी केलेला सुभेदार मेजर लढाईत साहेबाच्या शेजारी उभा राही, जेवायला नाही. टेबलामागे उभे राहणारे मात्र सगळे आपलेच होते: खानसामा, मसालची, पाणी थंड ठेवणारा आबदार, गोव्याचा बटलर, गोव्याचाच बँडमास्तर. खास जेवणाच्या रात्री पेट्या उघडायच्या, हिरव्या बनातीत गुंडाळलेलं एकेक भांडं काढून उजळायचं, मांडायचं आणि मध्यरात्रीनंतर मोजून परत ठेवायचं, हे काम त्यांचं. ती चांदी साहेबांपेक्षा यांच्या हातांनी जास्त हाताळली आहे. पण कोरलेली नावं साहेबांची. मी हातात धरलेल्या एकाही भांड्यावर मला शिपायाचं किंवा नोकराचं नाव सापडलेलं नाही. भीमा कोरेगावचा स्तंभ आठवा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं त्या दगडावर आहेत आणि त्यांतली बावीस ‘नाक’ या शेवटाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. ज्या मुंबई फौजेच्या गौरवासाठी तो दगड उभा राहिला, तिनंच पुढे १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. १९१७ मध्ये युद्धाच्या गरजेपोटी १११ वी महार उभी केली, १९२१ मध्ये मोडली, आणि आजच्या महार रेजिमेंटसाठी १९४१ उजाडावं लागलं. सुभेदार मेजर रामजी सकपाळांच्या मुलानं त्यासाठी केलेला पाठपुरावा सर्वांना माहीत आहे. दगडावर ज्यांना जागा मिळाली त्यांना चांदीवर मिळाली नाही. हा फरकच त्या फौजेविषयी खूप काही सांगतो, आणि तो दिसायचा तर दगड आणि चांदी दोन्ही शिल्लक राहायला हवेत.

‘हा सगळा लुटीचा माल आहे’, हा दुसरा आक्षेप. यात तथ्य आहे आणि त्यावरून घाईनं पुढे जाता येणार नाही. पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी हाती लागलेल्या मालमत्तेचा हिशोब ‘डेक्कन प्राइज मनी’ या नावानं केला आणि त्याच्या वाटणीवरून विलायतेत वर्षानुवर्षं भांडणं चालली. त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानाशी जोडलेला ‘नासक’ हिरा १८१८ मध्ये याच लुटीत गेला आणि त्याच वर्षी लंडनला विकायला पोचला. १८५८ मध्ये बुंदेलखंडात चित्रकूटजवळच्या करवी इथे, अमृतराव पेशव्यांच्या वंशजांच्या वाड्यात जनरल व्हिटलॉकच्या फौजेला अमाप संपत्ती सापडली. तिच्यावर हक्क कोणाकोणाचा, याचा खटला १८६६ मध्ये लंडनच्या अ‍ॅडमिरल्टी कोर्टात चालला. वकील उभे राहिले ते सगळे एकेका फौजेच्या हिश्श्यासाठी. ज्यांचा वाडा होता त्यांच्या बाजूनं कुणी नव्हतं.

या पैशातून अधिकाऱ्यांनी काय काय घेतलं, हे भांड्यागणिक सांगता येणार नाही. म्हणूनच सरसकट बोलणं मला पटत नाही. मेसची चांदी तीन वाटांनी आली आहे. सगळ्यात मोठा भाग देणग्यांचा: नवा अधिकारी रुजू झाला, कुणाची बढती झाली, लग्न झालं, कुणी निवृत्त झालं, की मेसला एक भांडं द्यायचं, असा रिवाज होता. दुसरा भाग जिंकलेल्या पेल्यांचा: पोलो, घोड्यांच्या शर्यती, नेमबाजी, रानडुकरांची शिकार. तिसरा, सर्वांत लहान पण सर्वांत बोलका भाग युद्धात उचलून आणलेल्या वस्तूंचा. ब्रिटनमधलं याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे नेपोलियनचा भाऊ जोसेफ याचं चांदीचं मूत्रपात्र. २१ जून १८१३ ला स्पेनमधल्या व्हितोरियाच्या लढाईनंतर चौदाव्या लाइट ड्रॅगून्स या घोडदळानं ते पळवलं, त्याला ‘सम्राट’ असं नाव दिलं आणि मेसमध्ये त्यातून शॅम्पेन पिण्याची प्रथा पाडली. हेच चौदावे ड्रॅगून्स १८५८ मध्ये ह्यू रोजबरोबर झाशीवर चालून आले होते.

या तीन भागांना एकच न्याय लावता येत नाही. लुटलेली वस्तू परत गेली पाहिजे, यावर माझ्या मनात दुमत नाही. १८६८ मध्ये इथिओपियाच्या मकदला किल्ल्यावर गेलेली मोहीम मुंबईच्या फौजेचीच होती. सेनापती रॉबर्ट नेपियर मुंबई लष्कराचा सरसेनापती, जहाजं इथूनच सुटली, हत्तीही हिंदुस्थानातून नेलेले. सम्राट तेवोद्रोसनं कैद होण्यापेक्षा मरण पत्करलं. त्यानंतर लूट हत्तींवर आणि खेचरांवर लादून खाली आणली आणि माळावर तिचा लिलाव केला. त्या लुटीतल्या काही वस्तू, त्यात चांदीनं मढवलेले शिंगाचे पेलेही होते, २०२१ मध्ये इंग्लंडातल्या एका लिलावाच्या यादीत आल्या. ओरड झाल्यावर त्या लिलावातून काढल्या गेल्या, एका संस्थेनं विकत घेतल्या आणि इथिओपियाला सोपवल्या. त्या मोहिमेत इथल्या शिपायांचा हात होता म्हणून हा विषय आपल्याला परका नाही. मला असा पेला उद्या बाजारात दिसला तर मी तो संग्रहासाठी घेणार नाही. घेतलाच तर परत पाठवण्यासाठी घेईन.

पण एखाद्या कॅप्टननं आपल्या पगारातून पुण्याच्या कॅम्पातल्या कारागिराकडून घडवून घेतलेलं तबक ही वेगळी गोष्ट आहे. आणि ‘परकीय खूण’ म्हणून ते वितळवणारे एक मोठी चूक करतात, कारण त्यातलं बरंच काम आपल्या माणसांचं आहे. भुजच्या ओमरसी मावजींच्या भांड्यांवर वेलबुट्टी इतकी बारीक आणि दाट असते की बोट फिरवल्यावर कापडासारखी लागते. त्यांच्या घराण्याचा ‘ओ. एम.’ हा ठसा आज जगभरचे संग्राहक शोधतात. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्सकडे देवादिकांच्या मूर्ती उठवलेली ‘स्वामी’ नक्षी होत असे. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला तेव्हा त्याला या नक्षीचा चहाचा संच दिला गेला. पुण्यातही देवदेवतांची ठसठशीत उठावाची कामं होत आणि त्या धाटणीला बाजारात ‘पूना’ म्हणूनच ओळखतात. विलायती चांदीवर सिंहाचा, शहराचा, सालाचा ठसा असतो, तिथल्या तपासणी कचेऱ्या ते ठसे मारतात. हिंदुस्थानात तशी कचेरी नव्हती. इथल्या भांड्यावर असलाच तर फक्त घडवणाऱ्याचा ठसा असतो, कित्येकदा तोही नाही. त्यामुळे इथलं भांडं आटलं की त्या कारागिराचा शेवटचा पुरावाही आटतो. घराणं कोणतं, पेठ कोणती, हे कुठल्याही वहीत सापडत नाही.

आता संग्राहकांविषयी, आणि यात मीही आले. या छंदात दोन वाईट सवयी आहेत. पहिली उजळण्याची. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, आणि पॉलिश लावून घासलं की तो थर निघताना थोडी चांदीही निघते. मेसमध्ये शंभर वर्षं दर आठवड्याला हेच झालं आहे, म्हणून जुन्या तबकांवरची अक्षरं आधीच पुसट असतात. सुरुवातीला मी एका रुमालाच्या कडीवर चिंच आणि रांगोळीचा घरगुती उपाय केला. ती चकाकली, आणि तिच्यावरचं नाव मला आजतागायत पूर्ण वाचता आलेलं नाही. ते नुकसान मी केलं आहे. तेव्हापासून माझ्याकडची भांडी काळसर आहेत आणि तशीच राहतील. दुसरी सवय संच फोडण्याची. बारा वाट्यांचा संच एकत्र विकण्यापेक्षा सुटा विकला तर पैसे जास्त येतात, म्हणून दलाल तो फोडतात आणि आपण एकेक वाटी आनंदानं घेतो. मग एक वाटी पुण्यात, दोन सिंगापुरात, बाकीच्यांचा पत्ता नाही.

पलटणीचं नाव असलं की साध्या भांड्याची किंमत कितीतरी पट होते, त्यामुळे नकली कोरीवकामही खूप चालतं. जुन्या तबकावर नवं बोधचिन्ह कोरलं तर त्याच्या कडा बोटाला टोचतात आणि भोवतीच्या झिजेशी त्यांचा मेळ बसत नाही. उलटही होतं: मूळ नाव घासून काढून भांडं ‘कोरं’ केलं जातं. अशा ठिकाणी पत्रा अंगठ्याखाली पातळ लागतो, आणि तोंडाची वाफ दिली की पुसलेल्या अक्षरांची सावली क्षणभर उमटते. ती सावली पहिल्यांदा दिसली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

कायदा इथे तोकडा पडतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, आणि हे योग्यच आहे. पण नोंदणीची सक्ती शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांपुरती आहे. मेसचं तबक त्या यादीत बसत नाही. त्यामुळे ते सीमेपार नेणारा गुन्हेगार ठरतो आणि गल्लीतल्या मुशीत टाकणाऱ्याला कोणी विचारत नाही. सराफाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे माणूस पैशांसाठी आलेला असतो, काटा वजन दाखवतो, आणि अक्षराचा भाव त्याला कुणी सांगितलेला नसतो. मोडीच्या भावावर थोडी रक्कम जास्त देऊन अशी भांडी बाजूला ठेवायला सांगणारं एखादं वस्तुसंग्रहालय त्याच्या फोनमध्ये असेल, तर तो ती खुशीनं ठेवील. तीन पेढ्यांवर मी हे स्वतः करून पाहिलं आहे. तिन्हीकडून फोन येतात.

खरी जबाबदारी मात्र लष्कराची आहे. २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रूस गेला, लष्करातही वसाहतकाळच्या प्रथांचा आढावा सुरू झाला. ध्वज बदलला याचा मला आनंदच आहे, कारण ध्वज आपण आज कोण आहोत ते सांगतो. जुनं भांडं तेव्हा काय होतं ते सांगतं, आणि त्याला बदलून चालत नाही. पूना हॉर्स या घोडदळाच्या रेजिमेंटच्या निशाणाच्या टोकाला चांदीचा पंजा आहे. १८५७ मध्ये इराणात खुशाबच्या लढाईत तो तिच्या पूर्वज तुकडीनं, तिसऱ्या बॉम्बे लाइट कॅव्हलरीनं घेतला. ‘देवाचा हात सर्वांच्या हातांवर आहे’ असं त्यावर कोरलेलं आहे. कंपनीच्या साम्राज्यासाठी लढलेल्या लढाईतला तो पंजा. पण त्याच रेजिमेंटमधून पुढे १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट खेत्रपाल लढले, पडले आणि परमवीरचक्राचे मानकरी झाले. पलटणीची स्मृती १५ ऑगस्टला कापून दोन करता येत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पलटणीनं आपल्या मेसमधल्या चांदीची छायाचित्रांसह यादी करावी, प्रत्येक अक्षर उतरवून घ्यावं, कारागिराचा ठसा नोंदवावा आणि ती यादी सर्वांना पाहायला खुली करावी. ही चांदी रेजिमेंटच्या स्वतःच्या निधीतली असते, सरकारी निधीतली नाही, म्हणून ती जनतेची नव्हे, हे उत्तर मला पुरत नाही. ज्या शिपायांच्या जिवावर त्या पलटणीचं नाव झालं, त्यांची नातवंडं-पतवंडं बेळगाव, खडकी, अहिल्यानगरच्या आसपासच राहतात. वर्षातून चार दिवस ती चांदी त्यांना पाहू द्या. तिच्या शेजारी सेवापुस्तकांतली सुभेदारांची, शिपायांची, खानसाम्यांची नावं लावा.

लंडनच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये राज्य सरकारनं ४७ लाखांच्या आसपास खर्चून आणली, मुंबईत तिचं स्वागत झालं. मला ते मनापासून आवडलं. पण तलवारीला राजाचं नाव होतं. तबकाला नाही, आणि त्याला आणायला लंडनलाही जावं लागत नाही. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांतली दप्तरं गोळा करत, ती तेव्हाही बहुतेकांना रद्दी वाटत होती. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्ऱ्या, दौती जमवल्या आणि अखेर सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हाती दिला. संग्राहक कसा असावा, याचा याहून चांगला धडा मला पुण्यात तरी मिळालेला नाही. माझ्याकडची भांडी कुठे द्यायची ते मी ठरवून ठेवलं आहे.

कुणाच्या घरी आजोबांनी आणलेला, कुठून आला ते माहीत नसलेला चांदीचा पेला असेल, तर तो मोडीत घालण्याआधी उलटा करून पाहा. खिडकीजवळ न्या, वाफ द्या, दिसेल ते लिहून घ्या. चांदीचा मुलामा असला, ‘ई. पी. एन. एस.’ अशी चार अक्षरं असली, तरी फेकू नका. धातू पितळी जातीचा असला म्हणून कोरलेलं नाव खोटं होत नाही.

माझ्या तबकाचे दोन तुकडे मी जोडून घेतलेले नाहीत. एका वयस्क कारागिरानं झाळून देतो म्हटलं होतं, रेघही दिसणार नाही म्हणाला. त्याच वेळी त्यानं भिंगाखाली तबकाची पाठ पाहिली. कातरीची रेघ तिथे घडवणाऱ्याच्या ठशावरून गेली होती. डाव्या तुकड्यावर एक अक्षर, उजव्यावर दीड. मधलं जे होतं ते कातरताना चुऱ्यात गेलं आणि त्या दिवशीच्या घटीत धरलं गेलं.